पहारेकऱ्याच्या पोटातलं बिऱ्हाड

प्रश्न थोडक्यात असा: मॅक्रोफेज ही पेशी जंतू गिळून पचवते असं पुस्तकात शिकवतात. मग लेशमानियासारखे परजीवी नेमके तिच्याच पोटात कसे वाढतात? ते प्रतिकारशक्तीला दिसत नाहीत का? रुग्णाच्या रक्तात एवढ्या अँटिबॉडी असूनही त्यांचा उपयोग का होत नाही? आणि औषधानं माणूस बरा झाला की परजीवी शरीरातून पूर्ण जातो का?

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो राहिला तर पुढचं सगळं वाकडं समजतं. परजीवी दिसत नाही, असं नाही. दिसतो. मॅक्रोफेज त्याला ओळखते, पकडते, गिळते. इथपर्यंत ती काहीही चुकत नाही. अडतं ते त्यापुढे. गिळणं आणि मारणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी तिला बाहेरून हुकूम लागतो. परजीवीची बहुतेक सगळी हुशारी तो हुकूम निष्फळ करण्यात खर्च होते. 'लपतो' या शब्दानं ही गोष्ट कळत नाही.

बोनमॅरोच्या स्लाइड बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. कालाआजार, म्हणजे लेशमानियामुळे होणारा, बोनमॅरो आणि प्लीहेत पसरणारा आजार. त्याच्या रुग्णाची स्लाइड ऑइल इमर्शन लेन्सखाली घेतली, की मॅक्रोफेज चटकन डोळ्यांत भरते. मोठी, फिकट, फेसाळ पेशी, केंद्रक एका बाजूला सरकलेलं. तिच्या पेशीद्रवात २ ते ४ मायक्रॉनचे गोल-लांबट ठिपके भरलेले असतात. लाल रक्तपेशी सुमारे ७ मायक्रॉनची, यावरून आकाराची कल्पना येईल. प्रत्येक ठिपक्यात एक जांभळट गोल केंद्रक आणि त्याच्या शेजारी एक बारीक, जास्त गडद काडी. ही काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट, परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनएचा गठ्ठा. नवशिकी मुलं पेशीवर येऊन पडलेल्या प्लेटलेट्सना परजीवी समजतात, नाहीतर हिस्टोप्लाझ्मा या बुरशीशी गल्लत करतात. तीही मॅक्रोफेजमध्येच राहते, पण तिच्यात काडी नसते. म्हणून मी एवढंच म्हणतो, "काडी दाखव, मग बोल." या ठिपक्यांना आम्ही एलडी बॉडी म्हणतो. १९०३ साली विल्यम लेशमन आणि चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे त्यांची नोंद केली, त्यांच्या आडनावांची ही आद्याक्षरं. रोज रक्ताच्या स्लाइड ज्यानं रंगवतो तो लेशमन स्टेनही याच लेशमनचा.

मुलांनी काडी दाखवली की मी दुसरी गोष्ट बघायला सांगतो, ती म्हणजे पेशीकडे बघा. आत वीस-तीस परजीवी आहेत आणि पेशी शाबूत आहे. केंद्रक ठीक, पडदा ठीक. मेलेली नाही, फुटायच्या बेतातही नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दृश्यात आहे. परजीवीला पेशी मारायची नाही. तिला जिवंत आणि थंड ठेवायचं आहे.

आता मारण्याचं काम नेहमी कसं होतं ते पाहू. पेशीनं काही गिळलं की त्याभोवती पडद्याची पिशवी तयार होते, तिला फॅगोसोम म्हणतात. ही पिशवी लायसोसोमना, म्हणजे पेशीतल्या पाचक एन्झाइमच्या पिशव्यांना, जाऊन मिळते, आतलं द्रव आम्लधर्मी होतं, पीएच ५ च्या आसपास किंवा खाली येतो आणि पाचक एन्झाइम कामाला लागतात. याच्या जोडीला दोन रासायनिक शस्त्रं असतात. पहिलं गिळतानाच सुटतं: एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम पिशवीच्या पडद्यावर जुळतं आणि सुपरऑक्साइड तयार करतं. दुसरं म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. ते आपोआप सुटत नाही. टी पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश पाठवला, की मगच ते बनवणारं एन्झाइम, आयनॉस, भरपूर तयार होतं. मी ज्याला हुकूम म्हणतोय तो हाच. लेशमानियाला खरी भीती या दुसऱ्या शस्त्राची. आम्लाची आणि एन्झाइमची नाही.

हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. ही माशी डासासारखी अलगद नळी खुपसत नाही. ती करवतीसारख्या मुखांगांनी त्वचा कापते आणि साचलेलं रक्त पिते. म्हणजे जखम होते, आणि जखम झाली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. २००८ साली उंदराच्या कानाच्या त्वचेत हे जिवंतपणी चित्रित झालं: चाव्याच्या जागी न्यूट्रोफिलची गर्दी होते आणि त्या परजीवींना गिळतात. पण त्यांचं आयुष्य थोडं. मरू लागलेल्या न्यूट्रोफिलमधून परजीवी बाहेर पडतो, किंवा मरत्या पेशीसकट मॅक्रोफेजच्या पोटात जातो. हा दुसरा रस्ता मला फार खुबीचा वाटतो. मेलेल्या पेशी उचलणं हे मॅक्रोफेजचं रोजचं झाडलोटीचं काम आहे, आणि ते तिनं गाजावाजा न करता करायचं असतं. एरवी शरीरात रोज मरणाऱ्या कोट्यवधी पेशींवरून दाह भडकला असता. परजीवी त्या शांततेचा फायदा घेतो. पुढे त्याचं गोल रूप बाहेर फॉस्फॅटिडिलसेरिन दाखवतं, हे मरत्या पेशीच्या अंगावर दिसणारं चिन्ह. मेल्याचं सोंग, तेही रासायनिक.

त्याआधी त्याला रक्तद्रवातल्या कॉम्प्लिमेंट या जंतूंवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांमधून तरून जावं लागतं. त्यासाठी अंगावर दोन गोष्टी असतात. पहिली एलपीजी, म्हणजे लिपोफॉस्फोग्लायकॅन, शर्करा-फॉस्फेटच्या लांब साखळ्यांचं दाट आवरण. कॉम्प्लिमेंटचं भोक पाडणारं यंत्र त्या आवरणाच्या बाहेरच्या टोकाला अडकतं, आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही. दुसरी जीपी६३, पृष्ठभागावरची प्रथिनं कापणारी कात्री. कॉम्प्लिमेंटचा सी३बी हा तुकडा अंगावर चिकटला की ही कात्री त्याला कापून आयसी३बी करते. सी३बी राहिला असता तर हल्ला पुढे सरकला असता. आयसी३बीमुळे हल्ला थांबतो, पण 'मला उचला' ही चिठ्ठी मात्र अंगावर राहते. ती चिठ्ठी वाचणारा मॅक्रोफेजवरचा सीआर३ हा ग्राहक (रिसेप्टर, पेशीच्या अंगावरचं ओळखणारं प्रथिन) असा आहे, की त्या दारानं आत गेलं तर सुपरऑक्साइडचा भडका कमी उडतो आणि टी पेशींना उठवणारा आयएल-१२ हा संदेशही दबतो. शत्रूनंच चिकटवलेली चिठ्ठी थोडी खाडाखोड करून प्रवेशपत्र म्हणून वापरायची, असा हा प्रकार.

हे सगळं अंगावर कायम नसतं, त्याची तयारी माशीच्या आतड्यात होते. मी ते स्वतःच्या फजितीतून शिकलो. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी परजीवी फ्लास्कमध्ये वाढवत होतो. आठवड्याला थोडे काढून नव्या माध्यमात टाकायचे, पुन्हा तेच. सुरुवातीला शंभर मॅक्रोफेजमध्ये मोजायला कंटाळा येईल इतके परजीवी दिसत. काही महिन्यांनी तेच परजीवी, जोमानं शेपटी हलवत पोहणारे, पेशीत गेले की दोन दिवसांत नाहीसे व्हायला लागले. मी आधी सीरमला दोष दिला, मग इनक्युबेटरला. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञानं विचारलं, "किती पिढ्या झाल्या?" मी मोजल्याच नव्हत्या. लाडावलेल्या माध्यमात त्यांना ना चिलखत लागत होतं ना कात्री, त्यामुळे ती टाकून दिलेले तेवढे उरले होते. हॅमस्टरमधून पुन्हा फिरवून आणलेला परजीवी लावला आणि गाडी रुळावर आली. तेव्हापासून फ्लास्कवर पिढीचा आकडा लिहिल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

आता आत गेल्यावरचं. पहिले काही तास एलपीजी पिशवीला लायसोसोमशी मिळू देत नाही, ऑक्सिडेजलाही नीट जुळू देत नाही. तेवढा वेळ पुरतो. पुढे पिशवी लायसोसोमला मिळतेच, आम्ल आत येतंच, आणि इथे गंमत आहे: परजीवीला तेच हवं असतं. माशीतलं थंड, अल्कलीकडे झुकणारं वातावरण संपून ३७ अंश तापमान आणि आम्ल मिळालं, की त्याला रूप बदलायची सूचना मिळते. शेपूट आखडते, लांबट शरीर गोल होतं आणि अमास्टिगोट तयार होतो, तोच आपला स्लाइडवरचा ठिपका. त्याची अन्न आत ओढणारी यंत्रणा आम्लातच जोरात चालते. पेशीला वाटतं आपण पचवतोय, आणि आतला पाहुणा म्हणतो आता कुठे ऊब आली. एलपीजी आता जवळजवळ टाकून दिलेलं असतं. त्याची गरज संपली.

उरतो तो हुकूम. इंटरफेरॉन-गॅमा बाहेरच्या ग्राहकाला चिकटला, की आत निरोप पुढे जातो तो फॉस्फेटच्या चिमुकल्या खुणा एका प्रथिनानं दुसऱ्यावर लावत: जॅक२ कडून स्टॅट१ कडे, तिथून केंद्रकात. या खुणा पुसणारी एन्झाइमही पेशीकडे असतात, कारण दाह कधीतरी थांबवावा लागतो. एसएचपी-१ हे त्यातलं एक. लेशमानियाची जीपी६३ कात्री पेशीद्रवात पोचून एसएचपी-१ ला अशा जागी कापते, की ते नेहमीपेक्षा जास्त चालू होतं. मग खुणा लागतात तशा पुसल्या जातात, आणि हुकूम दारापर्यंत येऊनही आत वाचला जात नाही. इथे परजीवीनं नवा ब्रेक आणला नाही, पेशीचाच ब्रेक दाबून धरला. जुनाट संसर्गाचा विचार करताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धी पाठांतरं वाचतात.

कच्च्या मालाचंही तसंच. नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतं. त्याच आर्जिनिनवर आर्जिनेज हे दुसरं एन्झाइम चाललं, तर ऑर्निथिन आणि पुढे पॉलिअमाइन तयार होतात, जी परजीवीला वाढीसाठी लागतात. म्हणजे एकाच मालाची एका बाजूला बंदुकीची गोळी होते, दुसऱ्या बाजूला भाकरी. आयएल-४ सारख्या संदेशांनी मॅक्रोफेज जखम भरण्याच्या कामाकडे वळली, की आर्जिनेज वाढतं आणि परजीवीचं फावतं. उंदरांच्या दोन वाणांत हे लख्ख दिसतं. त्वचेवर व्रण करणारी लेशमानिया मेजर ही जात टोचल्यावर सी५७ब्लॅक/६ उंदराची जखम भरून येते, बॅल्ब/सी उंदीर मात्र संसर्ग आवरू शकत नाही. पहिल्यात टी पेशी इंटरफेरॉन-गॅमाकडे झुकतात, दुसऱ्यात आयएल-४ कडे. माणसातला कालाआजार इतका सरळ दोन फाळ्यांत बसत नाही. तिथे इंटरफेरॉन-गॅमाही तयार होतो आणि त्याच वेळी आयएल-१० देखील, जो मॅक्रोफेजला शांत राहायला सांगतो. हुकूम निघतो, पाठोपाठ 'थांबा' असाही निघतो.

अँटिबॉडीबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण इथे डॉक्टरही फसतात. अँटिबॉडी पेशीबाहेर काम करते. जिवंत पेशीच्या आतल्या पिशवीत ती पोचत नाही. कालाआजारात अँटिबॉडी थोड्याथोडक्या नव्हे, प्रचंड तयार होतात. रक्तातलं ग्लोब्युलिन एवढं वाढतं, की पूर्वी सीरममध्ये फॉर्मेलिनचा थेंब टाकून ते गोठतं का यावरून निदानाचा अंदाज घेत. पण त्यातली बरीचशी गर्दी परजीवीविरुद्ध नसतेच. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी सरसकट भडकलेल्या असतात. आणि ज्या परजीवीला चिकटतात, त्या उपकारापेक्षा अपकारच करू शकतात: अँटिबॉडीनं माखलेला अमास्टिगोट मॅक्रोफेजच्या एफसी ग्राहकातून, म्हणजे अँटिबॉडीचं शेपूट पकडणाऱ्या दारातून, आत गेला, की त्या पेशीतून आयएल-१० जास्त सुटतो, असं उंदरांच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून जास्त अँटिबॉडी म्हणजे चांगली प्रतिकारशक्ती, हे समीकरण इथे सोडून द्या. आरके३९ पट्टीची चाचणी अँटिबॉडी शोधते. ती बरं झाल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते. तेवढ्यावरून 'आजार उलटला' असं कुणी सांगितलं तर मानू नका. उलट, लेशमॅनिनची त्वचाचाचणी, जी टी पेशींची प्रतिक्रिया दाखवते, ऐन आजारात निगेटिव्ह असते आणि बरं झाल्यावर पॉझिटिव्ह होते. त्या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की काय बिघडलं होतं ते कळतं.

सगळेच परजीवी असं आम्लात घर करत नाहीत. टॉक्सोप्लाझ्मा गिळला जायची वाटच बघत नाही. तो स्वतः घुसतो, तेही अर्ध्या मिनिटाच्या आत. पेशीच्या पडद्याला एक सरकती कडी जोडून तो आत सरकतो, आणि सरकताना त्या पडद्यातली पेशीची बरीच प्रथिनं कडीपाशी बाहेरच अडकवून ठेवतो. परिणामी त्याची खोली पेशीच्याच पडद्याची असूनही तिच्यावर ओळखपाटी नसते, म्हणून लायसोसोम तिला मिळत नाहीत. अँटिबॉडी लावलेला टॉक्सोप्लाझ्मा मॅक्रोफेजनं नेहमीच्या पद्धतीनं गिळला, तर मात्र तो लायसोसोममध्ये जाऊन मरतो. म्हणजे कोण गिळलं गेलं यापेक्षा कुठल्या दारानं आलं यावर नशीब ठरतं. वर तो डेंड्रायटिक पेशीत, म्हणजे टी पेशींना जंतूची खबर देणाऱ्या पेशीत, शिरला की ती पेशी जास्त भटकायला लागते आणि त्याला घेऊन शरीरभर हिंडते. टपालवाल्याच्याच थैलीत बसून प्रवास.

ट्रिपॅनोसोमा क्रूझीची तऱ्हा तिसरी. तो लायसोसोमला स्वतःहून बोलावतो, आम्ल मिळताच पिशवी फोडतो आणि मोकळ्या पेशीद्रवात जाऊन वाढतो. खोलीच नाही, तर खोलीतली शस्त्रं काय करणार.

पण निर्लज्जपणात पहिला नंबर थायलेरियाचा. गोचिडीतून गुरांना होणारा हा परजीवी पांढऱ्या पेशीत शिरून पिशवी टाकून देतो आणि त्या पेशीला कॅन्सरच्या पेशीसारखी वाढायला लावतो. पेशी दुभागताना तिचे सूक्ष्मनलिकांचे दोर तो स्वतःला बांधून घेतो, म्हणजे प्रत्येक लेकीच्या वाट्याला त्याचा हिस्सा येतो. त्याला बाहेर पडून नवी पेशी शोधावीच लागत नाही, त्यामुळे अँटिबॉडीची गाठच नाही. बुपारव्हाक्वोननं परजीवी मारला, की पेशीचं हे वेडं वाढणं थांबतं. कॅन्सरसारखी अवस्था औषधानं परत फिरते, असं उदाहरण विरळा.

आता उपचार आणि शेवटचा प्रश्न. परजीवी मॅक्रोफेजमध्ये राहतो याचा एक तोटा त्यालाही आहे: मॅक्रोफेज जे तरंगताना दिसेल ते गिळते. अँफोटेरिसिन-बी हे औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून दिलं, की यकृत, प्लीहा आणि बोनमॅरोतल्या मॅक्रोफेज ते स्वतःच उचलतात. औषध पत्त्यावर पोचतं, बाकी शरीराला त्रास कमी होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या चाचणीत किलोमागे १० मिलिग्रॅम असा एकच डोस पुरेसा ठरला.

मात्र बरं होणं म्हणजे निर्जंतुक होणं नव्हे. औषध परजीवींची संख्या खाली आणतं. उरलेल्यांना ताब्यात ठेवायचं काम टी पेशींचं. जुन्या अँटिमनीच्या औषधांना तर उंदरांमध्ये टी पेशी नसतील तर गुणच येत नाही. एचआयव्हीच्या रुग्णात कालाआजार पुन्हापुन्हा उलटतो तो याचमुळे, आणि कित्येक वर्षांपूर्वी झालेला संसर्ग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केल्यावर डोकं वर काढतो तोही याचमुळे. म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी मी रुग्णाला विचारतो, "पूर्वी कधी कालाआजार झाला होता का, किंवा त्या भागात राहिला होता का?" बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो.

उरलेल्या या मूठभर परजीवींचा दुसरा पैलू २००२ च्या एका उंदरांवरच्या अभ्यासात पुढे आला. जखम भरलेल्या उंदरात थोडे परजीवी त्वचेत राहतात, आणि नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशी, आयएल-१० वापरून त्यांना पुरतं मारू देत नाहीत. तो अडसर काढल्यावर शरीर पूर्ण साफ झालं, पण त्या उंदरांना पुन्हा संसर्ग दिला तेव्हा त्यांचं संरक्षण गेलेलं होतं. मध्य आशिया आणि मध्यपूर्वेत त्वचेच्या लेशमानियावर फार पूर्वीपासून एक उपाय चालत असे: चालू व्रणातला स्राव निरोगी मुलाच्या कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी टोचायचा, म्हणजे पुढे चेहऱ्यावर व्रण पडत नाही. जिवंत परजीवी टोचला तरच हे साधत असे; मारलेल्या परजीवीच्या लशी माणसांत आजवर तितक्या टिकाऊ ठरलेल्या नाहीत.